रेंज क्वेरी रखडते तेव्हा: रोजकीर्द, खातेवही आणि मुंबईचा पाऊस

'जुलै महिन्यात १७ नंबरच्या केंद्रावर एकूण किती पाऊस पडला?' हा प्रश्न माणसाला विचारला तर तो नोंदवही उघडतो, जुलैची पानं काढतो आणि बेरीज करतो. डेटाबेसला विचारला तर तो पुष्कळदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अख्खी वही वाचून काढतो. उत्तर बरोबरच येतं, पण समोर बसलेल्या माणसाचा चहा निवून जातो.

ज्या प्रश्नात 'पासून' आणि 'पर्यंत' असतं, ती रेंज क्वेरी. तारखांची, रकमेची, वयाची, पिनकोडची, कशाचीही. ऑफिसातले निम्मे रिपोर्ट याच जातीचे असतात. आमच्याकडे दरवर्षी नवी मुलं-मुली येतात. त्यांना जॉइन लिहिता येतो, ग्रुप बाय येतो, पण इंडेक्सचा, म्हणजे ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या क्रमवार यादीचा, धडा त्यांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. उदाहरणं पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये वेगळं काही असेल तिथे तसं सांगते.

पुढचं सगळं वाचताना एकच हिशेब डोळ्यांसमोर ठेवा: उत्तरासाठी डेटाबेसने किती ओळी वाचल्या आणि त्यातल्या किती कामाला आल्या. क्वेरी वेगवान करायची म्हणजे या दोन आकड्यांमधलं अंतर कमी करायचं.

सरावासाठी टेबल

दुसऱ्याच्या टेबलावर शिकू नका, स्वतःचं बनवा. समजा शहरात पाऊस मोजणारी १०० केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्र दर १५ मिनिटांनी एक नोंद पाठवतं. एका केंद्राच्या दिवसाला ९६ नोंदी, म्हणजे सगळ्यांच्या मिळून ९,६००. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांचे ३,६५३ दिवस होतात. म्हणजे एकूण ३,५०,६८,८०० ओळी. टेबलाचं नाव 'नोंदी' आणि कॉलम चार: क्रमांक, केंद्र, वेळ, मिमी.

पोस्टग्रेसमध्ये जनरेट_सिरीज या फंक्शनने हे टेबल घरच्या लॅपटॉपवरही भरता येतं. जून ते सप्टेंबरच्या काही नोंदींमध्ये रँडम आकडे घाला, बाकी सगळीकडे शून्य. भरताना 'ऑर्डर बाय वेळ, केंद्र' लावायला मात्र विसरू नका. खऱ्या नोंदी वेळेच्या क्रमानेच येतात. तो क्रम नसेल तर पुढे जे आकडे देणार आहे ते तुमच्याकडे जुळणार नाहीत.

पोस्टग्रेस डिस्कवर ८ केबीच्या पानांमध्ये ओळी ठेवतं. आपल्या टेबलाची एक ओळ साधारण ६० बाइटची, म्हणून एका पानात १३६ च्या आसपास ओळी बसतात. अख्खं टेबल म्हणजे अडीच लाखांहून थोडी जास्त पानं, सुमारे २ जीबी. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

आधी मोजा

कुठलीही दुरुस्ती करण्याआधी क्वेरीपुढे 'एक्सप्लेन (अॅनलाइज, बफर्स)' लावून चालवा. नुसतं एक्सप्लेन अंदाज सांगतं. अॅनलाइज लावलं की क्वेरी खरोखर चालते आणि खरे आकडे दिसतात. क्वेरी खरोखर चालते, हे पुन्हा सांगते, कारण डिलीटपुढे अॅनलाइज लावलं तर ओळी खरोखर उडतात. तसली क्वेरी तपासायची असेल तर आधी 'बिगिन' करा आणि शेवटी 'रोलबॅक', म्हणजे बदल मागे घेतले जातात.

आपली क्वेरी अशी:

सिलेक्ट सम(मिमी) फ्रॉम नोंदी
व्हेअर केंद्र = १७
अँड वेळ >= '२०२४-०७-०१ ००:००+०५:३०'
अँड वेळ < '२०२४-०८-०१ ००:००+०५:३०'

इंडेक्स नसताना प्लॅनमध्ये (एक्सप्लेन दाखवतं त्या कामाच्या आराखड्यात) 'सेक स्कॅन' किंवा 'पॅरलल सेक स्कॅन' दिसेल, म्हणजे टेबल सरळ सुरुवातीपासून वाचलं. त्याखाली 'रोज रिमूव्ड बाय फिल्टर' अशी ओळ असेल: वाचल्या, पण फेकून दिल्या. इथे नवशिके हमखास चुकतात. पॅरलल स्कॅनमध्ये, म्हणजे वाचन अनेक प्रोसेसमध्ये वाटलेलं असताना, हा आकडा प्रत्येक लूपची (एकेकाच्या फेरीची) सरासरी असतो. लूप ३ असतील तर आकड्याला ३ ने गुणा, तेव्हा खरी बेरीज मिळेल.

कामाच्या ओळी किती? जुलैचे ३१ दिवस गुणिले ९६, म्हणजे २,९७६. त्यासाठी वाचल्या साडेतीन कोटी. एका कामाच्या ओळीमागे जवळजवळ १२ हजार ओळी चाळल्या.

सेकंदांवर फार विसंबू नका. तीच क्वेरी दुसऱ्यांदा चालवली की पानं मेमरीत आलेली असतात आणि वेळ आपोआप कमी दिसते. 'बफर्स'च्या ओळीतले 'हिट' (मेमरीत सापडलेली पानं) आणि 'रीड' (बाहेरून आणलेली) हे आकडे बघा. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण हाताळलेली पानं, आणि ती कॅशमुळे बदलत नाही.

प्रश्न सरळ विचारा

इंडेक्स असूनही क्वेरी मंद असेल तर पहिला संशय व्हेअरच्या ओळीवर घ्या. 'व्हेअर डेट(वेळ) = अमुक' किंवा 'एक्स्ट्रॅक्ट(इयर फ्रॉम वेळ) = २०२४' असं लिहिलं की कॉलमवर फंक्शन बसतं. इंडेक्समध्ये 'वेळ' क्रमाने लावलेली असते, त्या फंक्शनचं उत्तर नव्हे. म्हणून डेटाबेस प्रत्येक ओळ उचलतो, तिचं वर्ष काढतो आणि मग तुलना करतो. कॉलम एका बाजूला एकटा ठेवा आणि सगळी आकडेमोड दुसऱ्या बाजूला न्या. 'वेळ + एक दिवस > नाऊ()' ऐवजी 'वेळ > नाऊ() - एक दिवस'.

दुसरी गोष्ट बिट्वीनची. बिट्वीन दोन्ही टोकं धरतो. '२०२४-०७-०१' ते '२०२४-०७-३१' असं लिहिलं आणि कॉलममध्ये वेळही असेल, तर ३१ तारखेची फक्त मध्यरात्रीची नोंद धरली जाते आणि त्या दिवसाचा बाकीचा पाऊस हिशेबाबाहेर राहतो. म्हणून सुरुवातीला '>=' आणि शेवटी पुढच्या दिवसाचा '<'. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा.

पावसाच्या नोंदींना हे किती लागू आहे ते बघा. हवामान खातं पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. २६ जुलै २००५ च्या सांताक्रूझच्या ज्या ९४४ मिलिमीटरबद्दल आपण बोलतो, तो आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. त्याच वेळात कुलाब्याला ७३ मिमी पडला होता. 'डेट(वेळ) = २६ जुलै' लिहून हा आकडा कधीच निघणार नाही. '२६ ला ०८:३० पासून, २७ ला ०८:३० च्या आधीपर्यंत' असंच लिहावं लागेल. आणि शेवटचा ०८:३० सोडला नाही तर ती एक नोंद दोन्ही दिवसांत मोजली जाईल.

वेळेसोबत '+०५:३०' का लिहिलं, तेही सांगते. बरेच सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. तिथे नुसतं ०८:३० लिहिलं तर ते यूटीसीचे साडेआठ समजले जातात, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दोन. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे यूटीसीचे ०३:००. क्वेरी झटपट चालेल आणि उत्तर चुकीचं देईल. हे मंद क्वेरीपेक्षा वाईट, कारण कुणी तक्रारही करत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या जुन्या सिस्टममध्ये सर्रास दिसते: तारीख मजकूर म्हणून ठेवलेली, '०५-०८-२०२४' अशी. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. त्यामुळे '३१-०७-२०२४' हा '०५-०८-२०२४' पेक्षा मोठा ठरतो आणि जुलै ऑगस्टच्या पुढे जातो. यावर कुठलाही इंडेक्स उपयोगाचा नाही. कॉलमचा टाइपच बदला. 'ऑल्टर टेबल'मध्ये 'यूझिंग टू_डेट' वापरून जुना मजकूर तारखेत रूपांतरित करता येतो. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

रोजकीर्द की खातेवही

आता इंडेक्स. माझे बाबा लालबागला एका मसाल्याच्या दुकानाचे हिशेब लिहीत. टेबलावर दोन जाड वह्या असायच्या. एक रोजकीर्द: जे घडेल ते तारखेच्या क्रमाने लिहायचं, कुणाचंही असो. दुसरी खातेवही: प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं खातं आणि त्या खात्यात तारखेचा क्रम. खातेवहीत प्रत्येक नोंदीशेजारी एक अरुंद रकाना असतो. मूळ नोंद रोजकीर्दीच्या कुठल्या पानावर आहे, ते तिथे लिहितात.

'काल दिवसभरात काय काय झालं?' याचं उत्तर रोजकीर्दीत एका ठिकाणी मिळतं. 'मसाल्याच्या हंगामात, मार्च ते मे, अमुक खानावळीकडून किती येणं झालं?' याचं उत्तर खातेवहीत एका ठिकाणी मिळतं. दुसरा प्रश्न रोजकीर्दीत शोधायचा तर तीन महिन्यांची पानं उलटावी लागतील. इंडेक्सचा सगळा विषय या दोन वह्यांमध्ये सामावलेला आहे.

नेहमीचा इंडेक्स बी-ट्री असतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत असताना १९७० च्या सुमारास तो मांडला. १९७० मध्येच एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडण्याच्या पद्धतीवरचा, निबंध आला. बी-ट्रीमध्ये सगळ्यात खालच्या पानांवर किमती क्रमाने लावलेल्या असतात आणि ती पानं एकमेकांना जोडलेली असतात. वरून तीन-चार पायऱ्या उतरलं की साडेतीन कोटींतली सुरुवातीची जागा सापडते. तिथून शेवटपर्यंत सरळ चालत जायचं. रेंज क्वेरीला हवं असतं ते हेच: सुरुवात शोधणं स्वस्त आणि पुढचं सगळं शेजारी-शेजारी.

नुसत्या 'वेळ'वर इंडेक्स केला तर ती झाली रोजकीर्द. जुलैच्या सगळ्या केंद्रांच्या २,९७,६०० नोंदी वाचल्या जातील आणि त्यातल्या २,९७६ कामाच्या निघतील. शंभरात एक. साडेतीन कोटींपेक्षा पुष्कळच बरं.

'(केंद्र, वेळ)' असा जोड इंडेक्स केला तर ती खातेवही. १७ नंबरचं खातं उघडायचं, त्यात १ जुलै शोधायचा आणि ३१ जुलैपर्यंत वाचायचं. वाचल्या २,९७६, कामाच्या २,९७६.

'(वेळ, केंद्र)' असा उलटा केला तर? कॉलम तेच, पण वही पुन्हा रोजकीर्दीची. जुलैच्या सगळ्या वेळा चालाव्या लागतात, कारण १७ नंबर प्रत्येक वेळेच्या आत एकेकटा विखुरलेला आहे. इथला सापळा नीट ओळखा. प्लॅनमध्ये 'इंडेक्स कंड'च्या (इंडेक्सवर लावलेल्या अटींच्या) ओळीत दोन्ही अटी दिसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. खरं काय झालं ते फक्त 'बफर्स' सांगतात.

म्हणून जोड इंडेक्सचा नियम: बरोबरच्या अटीचा कॉलम आधी, रेंजचा कॉलम नंतर.

माझ्या पहिल्या नोकरीत मी प्रत्येक कॉलमवर वेगळा इंडेक्स लावला होता: केंद्रावर एक, वेळेवर एक, मिमीवर एक. दोन इंडेक्स एकत्र जोडून घ्यायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण त्यासाठी केंद्राच्या दहा वर्षांच्या साडेतीन लाख नोंदी आणि जुलैच्या तीन लाख नोंदी अशा दोन्ही याद्या चाळून समान काय ते काढावं लागतं. रिपोर्ट किंचितच सुधारला आणि नोंदी भरणं मात्र मंदावलं, कारण प्रत्येक नवी ओळ आता तीन जास्तीच्या वह्यांमध्ये उतरवावी लागत होती. एक योग्य खातेवही तीन अर्धवट वह्यांच्या जागी पुरते.

नुसत्या वेळेची रेंज '(केंद्र, वेळ)' इंडेक्सवर कशी चालेल, असं तुम्ही विचाराल. पूर्वी चांगली चालत नसे. २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ मध्ये स्किप स्कॅन आहे: पहिला कॉलम अटीत नसला तरी डेटाबेस प्रत्येक केंद्राच्या खात्यात उडी मारून तेवढीच रेंज वाचू शकतो. केंद्रं शंभरच असल्याने शंभर उड्यांत काम होतं. पहिल्या कॉलममध्ये लाखो वेगळ्या किमती असतील तर मात्र याचा उपयोग नाही.

इंडेक्स बरोबर, तरी क्वेरी मंद

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. '(केंद्र, वेळ)' इंडेक्स लावून 'बफर्स' बघा. हाताळलेली पानं अजूनही २,२०० च्या आसपास दिसतील. नुसत्या वेळेच्या इंडेक्सवरही मूळ टेबलाची तेवढीच पानं उघडली जात होती!

कारण असं. इंडेक्सने खात्यातल्या २,९७६ नोंदी एका जागी दिल्या, पण मिमीचा आकडा त्या वहीत नाही. तो मूळ टेबलात आहे, आणि टेबल हीच आपली रोजकीर्द, वेळेच्या क्रमाने भरलेली. एका पानावर १३६ ओळी आणि केंद्रं १००, म्हणजे प्रत्येक पानावर १७ नंबरच्या एक-दोनच नोंदी. त्या गोळा करायला जुलैची सगळी, म्हणजे सुमारे २,२०० पानं उघडावीच लागतात. खातेवहीतला पान क्रमांक बघून पुन्हा पुन्हा रोजकीर्द उघडण्यातला हा प्रकार आहे.

उपाय म्हणजे रक्कम खातेवहीतच उतरवून ठेवायची:

क्रिएट इंडेक्स ऑन नोंदी (केंद्र, वेळ) इन्क्लूड (मिमी)

'इन्क्लूड' पोस्टग्रेस ११ पासून आहे. मिमीवर क्रम लागत नाही, तो आकडा नुसता सोबत राहतो. आता मूळ टेबल उघडायची गरज उरत नाही आणि प्लॅनमध्ये 'इंडेक्स ओन्ली स्कॅन' येतो. एका इंडेक्स पानात अशा दोनशेच्या आसपास नोंदी मावतात, म्हणजे जुलैसाठी १५ पानं आणि वरून उतरताना लागणारी तीन-चार. अडीच लाख पानांपासून सुरुवात केली, इंडेक्सने ती २,२०० वर आली आणि आता वीसेक.

एक अट आहे. पोस्टग्रेसला त्या पानावरच्या ओळी सगळ्यांना दिसण्याजोग्या आहेत याची खात्री लागते, आणि ती खूण व्हॅक्यूम (टेबलाची साफसफाई करणारं काम) करतो. प्लॅनमधला 'हीप फेचेस' हा आकडा, म्हणजे मूळ टेबल किती वेळा उघडावं लागलं ते, शून्याच्या जवळ हवा. मोठा असेल तर टेबलावर 'व्हॅक्यूम' चालवा. ज्या टेबलात फक्त भर पडते, काही पुसलं जात नाही, तिथे पोस्टग्रेस १३ च्या आधीचा ऑटोव्हॅक्यूम फारसा फिरकतच नसे. जुन्या आवृत्तीवर असाल तर हे आवर्जून तपासा.

मायएसक्यूएलच्या इनोडीबी या नेहमीच्या स्टोरेज इंजिनमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे टेबलच प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळ ओळखणाऱ्या कॉलमच्या) क्रमाने ठेवलेलं असतं. प्रायमरी की '(केंद्र, वेळ)' ठेवली तर मूळ वहीच खातेवही होते. सवयीने प्रत्येक टेबलाला ऑटो इन्क्रिमेंटचा, आपोआप वाढणारा क्रमांक देण्याआधी याचा विचार करा. पोस्टग्रेसमध्ये 'क्लस्टर' कमांडने टेबल एकदा त्या क्रमात लावता येतं, पण नंतर येणाऱ्या ओळी तो क्रम पाळत नाहीत, आणि कमांड चालू असेपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप लागतं.

दोन रेंज एकाच क्वेरीत

'या पावसाळ्यात, कुठल्याही केंद्रावर, १५ मिनिटांत १५ मिमी किंवा जास्त पाऊस कधी पडला?' इथे वेळेचीही रेंज आहे आणि मिमीचीही. '(वेळ, मिमी)' इंडेक्स केला तर पहिल्या रेंजनंतर क्रम मोडतो. जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांच्या ११,७१,२०० नोंदी चालाव्या लागतात आणि मिमीची अट त्यातून वेचण्यापुरती उरते. दोन रेंज असल्या की बी-ट्री एकीनेच वाट छोटी करतो. मग कुठली पुढे ठेवायची? जिच्यात कमी ओळी बसतात ती. जोरदार सरींच्या नोंदी मोजक्या असतात, म्हणून '(मिमी, वेळ)' इथे बरा.

पोस्टग्रेसमध्ये त्याहूनही चांगला मार्ग आहे, आणि मुंबईच्या पावसासारख्या डेटावर तो फार शोभतो. वर्षाचे आठ महिने जवळपास कोरडे, आणि पावसाळ्यातही बहुतेक पंधरा मिनिटं शून्याची. मग शून्यांचा इंडेक्स ठेवायचाच कशाला?

क्रिएट इंडेक्स ऑन नोंदी (वेळ) व्हेअर मिमी >= १०

हा पार्शल इंडेक्स. वही छोटीशी, फक्त सरींची आणि वेळेच्या क्रमाने. क्वेरीत 'मिमी >= १५' असेल तर १५ हे १० च्या वरच आहेत हे प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) कळतं आणि तो हा इंडेक्स वापरतो. 'मिमी >= ५' विचारलंत तर वापरणार नाही, कारण ५ ते १० मधल्या नोंदी या वहीत नाहीतच. मायएसक्यूएलमध्ये अशी सोय नाही.

दिवसाच्या बेरजेवर प्रश्न असेल तर इंडेक्सच्या मागे लागूच नका. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्याहून वर अत्यंत मुसळधार. 'दहा वर्षांत २०४.४ च्या वर किती वेळा गेला?' यासाठी दरवेळी साडेतीन कोटी ओळींची बेरीज कशाला करायची? होऊन गेलेला दिवस बदलत नाही. रोज सकाळी साडेआठनंतर आदल्या दिवसाची बेरीज एका वेगळ्या टेबलात टाका. शंभर केंद्रांचं दहा वर्षांचं ते टेबल ३,६५,३०० ओळींचं होईल. माझ्या अनुभवात रिपोर्टच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

रेंजच मोठी असेल तर

दहापैकी सहा वर्षं विचारली तर डेटाबेस इंडेक्स सोडून सरळ टेबल वाचेल, आणि ते योग्यच आहे. अर्ध्याहून जास्त वही वाचायची असेल तर अनुक्रमणिका बघत बसणं महागात पडतं. प्लॅनर हा निर्णय खर्चाच्या अंदाजावर घेतो. त्यात इकडेतिकडे उडी मारून पान आणण्याचा खर्च, रँडम_पेज_कॉस्ट, मुळात ४ धरलेला असतो आणि ओळीने वाचण्याचा १. हे प्रमाण फिरत्या डिस्कच्या काळातलं आहे. एसएसडी असेल तर ते १.१ च्या आसपास आणून बघा. आणि मोठा डेटा भरल्यावर 'अॅनलाइज' ही स्वतंत्र कमांड (एक्सप्लेनमधलं नव्हे) चालवा, नाहीतर प्लॅनर जुन्या आकडेवारीवर निर्णय घेत राहतो.

वेळेच्या क्रमाने भरत जाणाऱ्या मोठ्या टेबलासाठी पोस्टग्रेस ९.५ पासून ब्रिन नावाचा इंडेक्स आहे. तो प्रत्येक ओळीची नोंद ठेवत नाही. १२८ पानांच्या गठ्ठ्यामागे फक्त सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी वेळ लिहून ठेवतो. आपल्या टेबलाचे असे दोन हजारांच्या आसपास गठ्ठे, म्हणून पूर्ण इंडेक्स फार तर शंभर-एक केबीचा. संपूर्ण शहराचा महिना किंवा हंगाम वाचायचा असेल तर उत्तम. पण जुन्या तारखांच्या नोंदी उशिरा येऊन शेवटी चिकटत असतील तर गठ्ठ्यांच्या सीमा एकमेकांत शिरतात आणि ब्रिन निकामी होतो.

पार्टिशनिंगबद्दल थोडक्यात: वर्षावार तुकडे केले की क्वेरी फक्त लागणारे तुकडे उघडते, आणि जुनं वर्ष काढायचं तर डिलीट न करता तुकडाच वेगळा करता येतो. पण साडेतीन कोटी ओळींसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. योग्य इंडेक्स पुरतो.

सुरुवात एका कॉलममध्ये, शेवट दुसऱ्यात

नाट्यगृहाच्या तारखांचं वाटप घ्या. प्रत्येक बुकिंगला 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन कॉलम. 'शनिवारी चार ते आठ या वेळेशी कुठलं बुकिंग भिडतं?' म्हणजे पासून < आठ आणि पर्यंत > चार. दिसायला साधी क्वेरी, पण बी-ट्रीला अवघड: 'पासून < आठ' या अटीत आजवरची सगळी बुकिंगं बसतात. पोस्टग्रेस ९.२ पासून रेंज हाच एक डेटा टाइप आहे. दोन्ही वेळा एका रेंज कॉलममध्ये ठेवा, त्यावर जिस्ट हा वेगळ्या जातीचा इंडेक्स लावा आणि '&&' या चिन्हाने 'भिडतात का' असं विचारा. त्यावरच एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावला तर एकाच वेळेला दोन प्रयोगांचं बुकिंग होऊच शकत नाही.

चालू सिस्टमवर इंडेक्स लावताना

साधा 'क्रिएट इंडेक्स' चालू असताना टेबलात लिहिणं थांबतं. वाचता येतं, पण नव्या नोंदी दारात उभ्या राहतात. भर पावसाळ्यात हे परवडणारं नाही. 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' वापरा. वेळ जास्त लागतो, पण लिहिणं चालू राहतं. तो ट्रान्झॅक्शनच्या (बिगिननंतरच्या कामाच्या) आत चालत नाही. मध्येच फसला तर अर्धवट, 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. तो वाचायला वापरला जात नाही, पण प्रत्येक नव्या ओळीमागे त्याला सांभाळण्याचा खर्च होऊ शकतो, म्हणून तो शोधून काढून टाका.

नवा इंडेक्स लागला की तीच क्वेरी पुन्हा एक्सप्लेन करा आणि आधी लिहून ठेवलेल्या पानांच्या आकड्याशी ताडून बघा. मग जुन्या, निरुपयोगी इंडेक्सकडे वळा. 'पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेस' या व्ह्यूमध्ये 'आयडीएक्स_स्कॅन' कॉलम आहे, इंडेक्स किती वेळा वापरला गेला ते तिथे दिसतं. रिपोर्ट रेप्लिकावर, म्हणजे सर्व्हरच्या प्रतीवर, चालत असतील तर तिथला आकडाही बघा, मुख्य सर्व्हरवर तो दिसत नाही. आणि मे महिन्यात शून्य दिसलं म्हणून सरींचा इंडेक्स लगेच काढू नका. सप्टेंबर उलटू द्या.